मोरोक्कोतला लाल ट्रक

मी जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही, मित्रांनो, लावा पैज! मी एक जुनं हेल्मेट आहे. राळेगावजवळच्या एका गोठ्यात उताणा पडलोय. पोटात कुटार म्हणजे भुसा भरलाय आणि त्यावर कोंबडी अंडी घालते. पण हीच कवटी मोरोक्कोच्या वाळवंटात विमानापेक्षा जोरात धावली आहे! कपाळावरचा हा पोचा, ही काजळी पाहिलीत? सांगतो, दम धरा.

कारखान्यात माझ्यावर लोखंडी गोळे आपटले, मला तापवलं, गोठवलं. मी हूं की चूं केलं नाही. मग सुरभीनं मला डोक्यावर घेतलं. या गोठ्याचे मालक बाबाराव, त्यांची ही लेक परतीच्या पावसात, चिखलानं भरलेल्या पांदणीतून सोयाबीनच्या पोत्यांनी भरलेली पिकअप घरी आणायची. चाकं घसरू लागली की लोक ब्रेक दाबतात, ही हसायची. मोरोक्कोतल्या मोटारींच्या रॅलीत, वाळूतही तेच. शेजारी बसायची नेरची शीला, नकाशा वाचून रस्ता सांगायला.

"पुढं खड्डा हाय, सुरभे! हळू!"

"तू वाचत राह्य वं. खड्ड्याचं मी पाहून घेईन."

त्या रॅलीत एक लाल ट्रकवाला होता. बाईची गाडी पुढे दिसली की त्याचं माथं फिरायचं. आधी त्यानं आमचा आरसा उडवला. मग मागून अशी धडक दिली की स्टिअरिंग गर्रकन उलटं फिरलं आणि सुरभीचं बोट कडकन मोडलं. तिनं ते शेजारच्या बोटाला बांधलं, तोंडातलं रक्त थुंकलं आणि गिअर टाकला. बायकांची एवढी एकच गाडी शर्यतीत उरली होती. शेवटचा झेंडा गाठायचाच, मग हात राहो की जावो, असं तिनं ठरवलं होतं.

शेवटच्या दिवशी झेंडा नजरेत आला आणि तो ट्रक आमच्या गाडीच्या बगलेत घुसला. दार चेपलं. काच फुटून शीलाच्या गालात रुतली. आमची गाडी वाळूच्या टेकडीवरून अशी उडाली की खालच्या उंटांनी माना वाकवल्या, म्हणून वाचले बिचारे! आम्ही चाकांवर उतरलो. ट्रक मात्र कोलांट्या खात आला, उलटा पडला आणि पेटला. आत तो माणूस पट्ट्यात अडकून किंचाळत होता.

"मंग?" समोर बसलेल्या पोरांतून सुरभीची भाची खुशी पुढे सरकली.

मग काय! सुरभीनं वळूनही पाहिलं नाही. जळू दे मेल्याला! आम्ही सुसाट झेंडा ओलांडला. पहिला नंबर! जाता जाता एका उंटानं लाथ मारली, त्याचा हा पोचा. तेव्हा मित्रांनो, माझ्यासारख्या विजेत्याला कोंबडीखाली ठेवू नका. जरा पुसा, फळीवर मांडा, आल्यागेल्याला दाखवा...

अंडी काढायला आलेली शीला तिथंच थांबली. तिचा भाजून आखडलेला हात माझ्या पोच्यावर टेकला.

"लेकरायले काहून खोटं सांगून राह्यला बे, डबड्या? कुठचा उंट? झेंडा समोर होता, गाडी चालू होती, अन् सुरभीनं ती तिथंच सोडली. तुलेच आपटून त्या ट्रकची काच फोडली तिनं. त्या मानसाले आमी दोघीनं ओढून काढला. पयला नंबर म्हने! आमी पोचलो तवा झेंडाई काढून नेला होता लोकायनं."