थेंब कुठला?

मित्रांनो, मला घाबरू नका असे सांगायला मला फार आवडले असते. पण लोकांना घाबरवण्यासाठीच मला या दुकानात आणले आणि ते काम मी चोख बजावले. मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. माझ्या डोक्यावर छोटा कॅमेरा बसवला आहे आणि त्याची तार भिंतीवरच्या टीव्हीला जोडलेली असते. माझ्या काचेखाली मोहरीचा दाणा ठेवला, तर टीव्हीवर कलिंगड दिसते.

माझा जन्म काचा घासणाऱ्यांच्या कारखान्यात झाला. तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिराने मला मऊ कापडाने पुसले, डोळा बारीक करून आत पाहिले आणि तो म्हणाला, "हा खोटं दाखवणार नाही." मी केवढा फुगलो होतो! आजही मी खोटे दाखवत नाही. सगळा घोळ तिथेच आहे.

उमेदीची वर्षे मी एका शाळेत काढली. कांद्याचा पापुद्रा पाहून मुले ओरडायची, "अय्या, या तर विटा रचल्यात!" आपली पाळी लवकर यावी म्हणून ढकलाढकली व्हायची, आणि मला त्याची भारी मजा वाटायची. पुढे नवी यंत्रे आली आणि मी अडगळीत पडलो. धूळ खात असताना एका माणसाने मला उचलले. त्याचे पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रांचे दुकान होते.

दुकानातल्या विक्रेतीला सगळे ताई म्हणत. नवरा गेल्यापासून घर तिच्या एकटीवर होते, म्हणून मालक सांगेल ते ती निमूटपणे शिकली.

"आधी दाखवायचं," मालक म्हणाला. "मग गप्प बसायचं. आपण बोललो की माणूस वाद घालतो. गप्प बसलो की स्वतःच घाबरतो. मग हळूच विचारायचं, घरी लहान मूल आहे का? बास. पुढे 'सवलत फक्त आजच' एवढंच म्हणायचं."

गिऱ्हाइकाने घरच्या नळाचे पाणी बाटलीतून आणायचे, अशी दुकानाची पद्धत होती. ताई त्या बाटलीत काचेची नळी बुडवायची खरी, पण तिचा रबरी फुगा दाबायची नाही. नळी आधीच भरलेली असायची. कशाने, ते सांगतो. टेबलावर एक फुलदाणी होती. तिच्यातले पाणी मुद्दामच बदलत नसत. तळाशी पाकळ्या कुजायच्या आणि त्या पाण्यात जे वळवळायचे ते पाहून माझ्याही काचेवर काटा यायचा. ताई त्यातला थेंब माझ्याखाली ठेवायची. मी जे असेल ते इमानदारीने दाखवायचो आणि लोक समजायचे, हे आपल्या नळातले!

एकदा एक तरुण बाप तान्ह्या बाळाला खांद्यावर घेऊन आला. टीव्हीवरचे केसाळ, गरगरणारे जीव पाहून त्याने बाळाला घट्ट धरले.

"ताई, हे सगळं याच्या पोटात जातंय?"

ताई ठरल्याप्रमाणे गप्प बसली. त्याच्या कपाळावर घाम आला. दुकानातले सर्वांत महागडे यंत्र घेऊन तो घाईघाईने गेला. मालक ताईवर खूश झाला आणि माझ्यावरून प्रेमाने फडके फिरवले गेले.

पण मित्रांनो, त्या टीव्हीकडे आणखी कोणीतरी रोज पाहत होते. ताईची मुलगी शाळा सुटली की दुकानात यायची. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. आईचे काम संपेपर्यंत ती टेबलामागच्या स्टुलावर पाय हलवत बसायची. नळीची गंमत तिला कोणी सांगितली नव्हती. सांगणार तरी काय?

हळूहळू तिचे पाय हलायचे थांबले. आईची पाठ वळली की ती दप्तरातली भरलेली बाटली कोपऱ्यातल्या बेसिनमध्ये उपडी करायची आणि हात फ्रॉकला खसाखसा पुसायची. तिचे ओठ फुटले होते.

"पाणी प्यायलीस ना गं शाळेत?" ताई विचारायची.

"हो," भिंगरी म्हणायची.

मी हे सगळे पाहत होतो. मला पाहता येते, दाखवता येते, पण हाक मारता येत नाही. इतकी भीती मला कधीच वाटली नव्हती. हे लेकरू माझ्या डोळ्यांदेखत सुकत चालले होते आणि मी भिंतीवर किडे नाचवत होतो.

एका कडक उन्हाच्या दुपारी दुकान गच्च भरले होते. ताई एका वयस्कर बाईंना थेंब दाखवत असताना मागे धप्प आवाज झाला. भिंगरी स्टुलावरून खाली कोसळली होती. ताईने धावत जाऊन तिच्या तोंडावर पाणी मारले. पोरीने डोळे उघडले आणि ती किंचाळली, "पूस! आई, पूस ना! ते माझ्या तोंडात जातील!"

पोरगी पाणी का पीत नव्हती, ते आता ताईला कळले. तिने विकायच्या यंत्रातले पाणी पेल्यात आणले, पण भिंगरीने दात आवळून घेतले.

"अंग भाजतंय पोरीचं," बाई म्हणाल्या. "आधी पाणी जाऊ दे पोटात."

ताईने नळी धुतली, नळाचा थेंब घेतला आणि माझ्याखाली ठेवला. मी जिवाच्या आकांताने दाखवले. टीव्हीवर स्वच्छ उजेड होता. काहीही हलत नव्हते.

"बघ सोन्या, काही नाही त्यात."

"मशीन बिघडलंय," भिंगरी पुटपुटली आणि तिचे डोळे पुन्हा मिटू लागले.

"ताई, गिऱ्हाइकं थांबलीत," दारातून मालक म्हणाला. त्या आवाजाचा अर्थ ताईला पुरता कळत होता. तिने एकदा त्याच्याकडे पाहिले आणि फुलदाणी ओढली. सगळ्यांसमोर नळी त्यात बुडवून तिने थेंब माझ्याखाली सोडला. टीव्हीभर वळवळ सुरू झाली.

"हे बघ. ते इथले आहेत, नळातले नाहीत. मीच घालत होते."

ताईने नळाचे पाणी घटाघटा पिऊन दाखवले आणि पेला पुन्हा भरला. भिंगरीने एक घोट घेतला, मग आणखी एक, आणि मग दोन्ही हातांनी पेला धरून ती पीत राहिली. पिऊन झाल्यावर तिने विचारले, "मग त्या बाळाच्या बाबांना तू का नाही सांगितलंस?"

ताईने तिच्या हातातला रिकामा पेला घेतला. लोकांचे आवाज चढले, मालकाने ताईला तिथल्या तिथे कामावरून काढले. थोड्या वेळाने मायलेकी दारापर्यंत गेल्या.

"डोक्यावर ओढणी घे माझी. उन्हाने पुन्हा चक्कर येईल," ताई म्हणाली.

भिंगरीने मान वर करून आईकडे पाहिले. "खरंच?" तिने विचारले.

हे तिने आईला पूर्वी कधीच विचारले नव्हते. ताईचा चेहरा मला आजही विसरता येत नाही.

त्यानंतर मी कपाटात पडून होतो. काल मालकाने मला बाहेर काढले आणि लख्ख पुसले. दुकानावर नवी पाटी लागली आहे. आता इथे दंतमंजन विकणार आहेत आणि माझ्यासमोर लहान मुलांची तोंडे उघडणार आहेत. तेव्हापासून मी भीतीने गारठलो आहे.

मित्रांनो, कोणी तुम्हाला मोठ्या पडद्यावर काही भयंकर दाखवले आणि लगेच त्यावरचा उपाय पुढे केला, तर पडद्याकडे पाहत बसू नका. दाखवणाऱ्याच्या हाताकडे पाहा. तो हात तुमच्या मायेच्या माणसाचा असला, तरीही पाहा.