शिंपल्यातला पिवळा

बाजारातून दूध घेऊन आलो, तर माझी बायको आलेइट सकाळपासून चित्रापुढेच बसलेली. सातवा महिना, तरी ऐकेल तर शपथ! हार्लेमच्या एका लिननच्या व्यापाऱ्याला एकाच फुलदाणीत वसंतापासून शरदापर्यंतची सगळी फुलं हवी होती. खाली एक गळलेली पाकळीही हवी होती, म्हणजे पाहुण्यांना त्याची श्रीमंती दिसावी, अन् नम्रताही.

"अहो, आज कसला पिवळा खललात? पान हिरवं व्हायलाच तयार नाही!"

मी दुधाचं मडकं तिथंच खाली ठेवलं.

पानं आम्ही आधी निळी रंगवतो. ती वाळली की वरून जवसाच्या तेलात खललेला, काटेरी झुडपाच्या कच्च्या फळांचा पातळ पिवळा शिंपल्यातून घेऊन फिरवायचा. खालच्या शिरा दिसत राहतात आणि पान हिरवं होतं. या रंगाच्या कुंचल्याला आलेइट ओठांनीच टोक काढते. त्यानं फार तर पोट बिघडेल. पण सकाळी हरताळाची बाटली तडकली, म्हणून तो विषारी पिवळा मी नेमका त्याच शिंपल्यात काढून ठेवला होता. सांगायचं राहून गेलं.

चित्राजवळ गेलो. पानावर जाड, चमकते फटकारे. खालची एकही शीर दिसत नव्हती. तिच्या ओठावरही तोच पिवळा.

"कुंचला किती वेळा तोंडात घातलास?"

"आता त्याचाही हिशेब द्यायचा का?"

"आलेइट, तो हरताळ आहे."

तिचा हात पोटावर गेला. "एका फटकाऱ्याला एकदा," ती पुटपुटली.

दोघांनी पानावरचे फटकारे मोजले. चार.

शेजारची सुईण त्राइनकाकू हाक ऐकताच धावत आली. तोंड धुवून दूध पाजलं, बोट घालून ओकवलं, पुन्हा पाजलं.

"लोकांच्या घरात मीठ सांडतं, तुमच्या घरात विष!" ती माझ्यावर करवादली. मग आवाज उतरवून म्हणाली, "बाळ हललं का गं?"

"नाही, काकू."

देवाकडे मागायला मला तोंड नव्हतं. तरी मागितलं, दोघांसाठी. आलेइटनं माझा हात ओढून पोटावर ठेवला. आत काहीच नाही. किती वेळ गेला कोण जाणे. मग तळव्याखाली एक बारीकशी ढुशी.

"हललं!" मी ओरडलो.

"एवढ्यानं हरखू नकोस," त्राइनकाकू म्हणाली. "तीन दिवस जाऊ देत."

मी हात काढला नाही.