कड्याखालचं गाव

मोडलेल्या पायात सळई बसवून घेऊन राजेश्वरी लासुर्ण्याला आली, तेव्हा आप्पासाहेबांना काळजीपेक्षा हायसंच जास्त वाटलं. आईविना वाढवलेली एकुलती एक लेक घरी परतली होती.

ती भूगर्भशास्त्रज्ञ. दूर उत्तरेच्या पहाडात, पिथौरागडच्या वर एका खेड्यात राहून खडकांच्या भेगा मोजायची. तिथं जमिनीच्या पोटातले थर सरकतात, खडक पिचतो, वरचा कडा तडकत जातो. वैशाखात त्याच कड्यावरून सुटलेला धोंडा तिच्या पायावर आला होता.

घरी तिचं मन रमेना. चोहीकडं सपाट रान, नुसता ऊस. जेवायला बसली की देवकीदीदीच्या कुळथाच्या डाळीची आठवण काढायची. देवकी तिची तिथली घरमालकीण.

"बारामतीत कालेजं काय कमी हायती?" आप्पासाहेब म्हणायचे. "तितंच नोकरी बघ की."

ती हसून भेगांच्या नोंदी चाळत बसायची.

श्रावणात देवकीचा फोन आला. कड्यावरची भेग रातोरात हातभर रुंदावली होती.

"आत्ताच्या आत्ता गाव सोडा!" राजेश्वरी फोनवर ओरडली. "गुरं मोकळी करा, सामान राहू द्या!"

दुसऱ्या दिवशी कडा कोसळला. माणसं वाचली, घरं गाडली गेली.

राजेश्वरी बाजेवर बसून रडत होती.

"समदी वाचली न्हवं? मग गं?"

"व्हय आप्पा. पर आता परत गेले तरी ते गाव कुठं दिसणार मला?"

आप्पासाहेब तिच्याशेजारी टेकले. "डाळज गावाच्या खाली आमचं जुनं गाव हुतं. उजनी धरणाच्या पाण्यात गेलं, तवा मी पोरगा हुतो. उन्हाळ्यात पाणी हटलं की आजूनबी जातो मी. आमच्या घराचा चौथरा दिसतो. तितं बसतो जरा."

"मला कधी बोलला न्हाय तुमी."

"काय बोलायचं? चल, तुझं गाव बघू."

दसऱ्यानंतर दोघं गेली. गावाच्या जागी दगडांचा ढीग होता, वर कड्याची ताजी पांढरी जखम. तंबूतून देवकी धावत आली आणि राजेश्वरीच्या गळ्यात पडली. आप्पासाहेब पाठमोरे होऊन दरीकडं बघत राहिले.

राजेश्वरी तिथंच राहिली. शेजारच्या डोंगरालाही तडे जात होते, त्याच्या पायथ्याला अजून वस्ती होती.

निघताना आप्पासाहेबांनी ढिगातला एक दगडाचा तुकडा उचलून पिशवीत टाकला. "जपून ऱ्हा," एवढंच म्हणाले. गाडी वळणाआड जाईपर्यंत मात्र ते खिडकीतून मागं बघत होते.