लुझोलोच्या नावाचं गाणं

एकट्याच्या जिवावर गाणं काढणं म्हणजे काय, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी मुकाट्यानं मालकाच्या बँडमध्येच कुजलो असतो. कैक वर्षं तिथे गिटार वाजवली. चाली माझ्या, पोस्टरवर थोबाड मालकाचं. एके दिवशी डोकं फिरलं, गिटार उचलली आणि घरी आलो. गल्लीला ऐकू जाईल असं ओरडलो, "आता गाणं माझं आणि नावही माझंच!" माझी बायको लुझोलो दारात विकायचे मिकाते, पिठाचे गोड गोळे, तळत बसली होती. कढईवरून मान वर न करता म्हणाली, "झालं ओरडून? मग पीठ मळायला घ्या, गिऱ्हाईक खोळंबलंय."

गाणं मात्र माझ्याकडे तयार होतं. तिच्यावरच केलेलं. आमची प्लामेदी तेव्हा पोटात होती. पावसात गटार तुंबून पाणी घरात शिरलेलं, आणि ही बाई पलंगावर मांडी घालून, पाण्यात तरंगणाऱ्या माझ्या चपला बघून हसत सुटली होती. तेव्हा सुचलं. धृपदात नुसतं तिचं नाव, लांबवत लांबवत तीनदा: लु-झो-लो. आता प्लामेदी माझ्या खांद्याला लागते, इतकं ते जुनं. भांडण मिटवायला मी तेच गुणगुणायचो आणि ती ओठ दाबून दुसरीकडे बघायची.

तिनं बसथांब्यावरच्या सगळ्या विकणाऱ्या बायकांना सांगून ठेवलं होतं की माझ्या नावाचं गाणं येतंय. त्या रोज छेडायच्या. मासे विकणारी मामा न्सोना, आमच्याकडे मोठ्या बाईला मामाच म्हणतात, ती तर हटकून विचारायची, "काय गं, कुठवर आलं तुझं गाणं? चालत येतंय वाटतं?"

"नदीपलीकडून निघालंय," ही म्हणायची. "होडी मिळाली की आलंच." आणि सगळ्या खिदळायच्या.

कसली होडी! ढोलवाला शिकवून तयार केला की त्याला दुसरा बँड पळवायचा. स्टुडिओची वेळ मिळाली की वीज जायची आणि तास मात्र मोजले जायचे. रेडिओवर गेलो तर गाणं ऐकायच्या आधी 'प्रवासखर्च' म्हणून लाच मागायचे. प्रवास मी केलेला, किन्शासाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, पायी! न्हावी झाले, बसवाले झाले, बारवाले झाले. गाणं वाजवा म्हणून सगळ्यांचे उंबरठे झिजवले. "रेकॉर्डिंग अर्धवट आहे, पुरं झालं की आण," एवढंच सगळे म्हणायचे. माणूस किती दमावा याला काही सुमार?

स्टुडिओतला शाको माझ्यावर वैतागला. "पापा मालांडा, अहो, या गाण्यात एकही दगड नाही!"

दगड म्हणजे गाण्यात घेतलेलं पैसेवाल्याचं नाव. पैसे देईल त्याच्या नावाचा दगड टाकायचा, इथली रीतच आहे. त्याशिवाय कुणाचं गाणं बाहेर पडत नाही. मी मात्र ताठा धरून बसलो होतो की या गाण्यात एकच नाव राहील.

शेवटी शाकोनंच सिमेंटवाले माविंगा यांना आणलं. त्यांनी डोळे मिटून गाणं ऐकलं. मग विचारलं, "ही लुझोलो कोण?"

"माझी बायको."

"चांगली असेल हो बाई. पण तिला कोण ओळखतं?" ते पुढे झुकले. "तिथे बेलिंडा म्हणून बघ. आमच्या मॅडमचं नाव. स्टुडिओ, रेडिओ, रविवारी बारमध्ये कार्यक्रम, सगळं माझ्याकडे लागलं."

मी मनातल्या मनात म्हणून पाहिलं. बे-लिं-डा. मेलं, अगदी चपखल बसत होतं.

घरी येऊन ताटातला फुफूचा गोळा चिवडत बसलो. लुझोलोनं विचारलं, "कोण गेलं, असं तोंड करून बसलात?" मी सगळं सांगितलं. ती हात पुसत ऐकत राहिली.

"मग घास का अडकलाय? हो म्हणा."

"अगं, तुझं नाव जाईल त्यातून."

"जाऊ दे. तुमच्या गिटारच्या तारा आणायला मी मोठी कढई विकली. छोट्या कढईत तळून तळून माझी मनगटं गेली. मी दमले हो, प्लामेदीचे पापा. मला गाणं नको. मला हे एकदाचं संपायला हवंय." मग भांडी उचलता उचलता म्हणाली, "फक्त त्या बायकांना तुम्ही काही सांगू नका. मी सांगेन."

स्टुडिओत माझी जीभ वळेना. बेलिंडा म्हणायला जायचो आणि तोंडातून लुझोलो निघायचं. शाको काचेपलीकडून कपाळाला हात लावायचा, "पापा, परत बायको आली!" कसंबसं झालं एकदाचं.

रविवारी दुपारी बार गच्च भरला. पुढच्या टेबलाशी माविंगा, शेजारी बेलिंडा. वाईट नव्हती हो पोरगी. कार्यक्रमाआधी माझा हात धरून म्हणाली, "माझ्यासाठी असं कुणी कधी केलं नव्हतं, पापा." तिला खरंच वाटत होतं ते.

आणि मागे, स्पीकरजवळ, बसथांब्यावरच्या सगळ्या बायका. एकाच छापाचं नवं कापड शिवून आलेल्या! मधे लुझोलो. मी तिच्याकडे बघितलं आणि समजलो, हिनं सांगितलेलं नाही. हिच्या तोंडून ते निघालेलंच नाही.

गाणं सुरू झालं. धृपद आलं. बायकांनी हात वर केले, तिच्या नावाला ओरडायला तयार. माझं तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. जिभेवर एकच नाव होतं. ते निघालं असतं तर माविंगा तिथल्या तिथे उठले असते, आणि सगळे कष्ट पाण्यात. बँडवाले तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत माझ्याकडे बघायला लागले. बेलिंडाचं हसू कोमेजायला लागलं.

तेवढ्यात मागून आवाज आला. खणखणीत, बसच्या गोंगाटावर मिकाते विकणारा आवाज.

"बे-लिं-डा!"

लुझोलो होती. हात डोक्यावर नेऊन टाळ्या वाजवत माझ्याकडे बघत होती, प्लामेदीला पाढा म्हणायला लावताना बघायची तशी. मी तिच्या मागून म्हणालो. दुसऱ्यांदा ती माझ्याआधी म्हणाली. तिसऱ्यांदाही. बायकांचे हात खाली आले होते. मग सगळा बार ते नाव गायला लागला, आणि बेलिंडा रडत रडत येऊन, इथल्या रीतीप्रमाणे, माझ्या कपाळाला नोटा चिकटवून गेली.

संध्याकाळी सगळे चालत घरी निघालो. आमचं गाणं वाटेतल्या एका न्हाव्याच्या दुकानात एवढ्यातच वाजायला लागलं होतं. शेवटी मामा न्सोनाला राहवलं नाही. हळूच म्हणाली, "अगं, आणि तुझं गाणं?"

लुझोलोनं माझ्या खांद्यावरची गिटार काढून स्वतःच्या खांद्यावर घेतली.

"निघालंय," ती म्हणाली. "नदीपलीकडून."

या वेळी कुणी हसलं नाही.