आबांनी पाठ फिरवली

घरातून निघताना सूनबाईंनी सासऱ्यांना एकच गोष्ट दोनदा सांगितली. "आबा, भाडं मागतील ते द्या, पण वेळेवर या."

मुलाने बूट घालता घालता पुस्ती जोडली, "साठाच्या वर मात्र देऊ नका. बाहेरचा माणूस दिसला की ऐंशी सांगतात."

सूनबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. पण आता उपयोग नव्हता. साठ हा आकडा आबांच्या कानात पडला होता.

नातीच्या शाळेत त्या दिवशी नाटक होतं. ठकी दुसरीत होती आणि नाटकात दगड होती. दगडाला संवाद नव्हते. अंगावर राखाडी कापड घेऊन रंगमंचाच्या डाव्या कोपऱ्यात बसायचं आणि पडदा पडेपर्यंत हलायचं नाही, एवढंच काम. रंगीत तालमीत ठकी दोनदा हलली होती. एकदा नाक खाजवायला आणि एकदा विनाकारण. बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं की दगड असे नसतात. तेव्हापासून ठकी जेवणाच्या टेबलाखाली बसून न हलण्याचा सराव करत होती, आणि आदल्या रात्री तिने आजोबांना बजावलं होतं, "आबा, तुम्ही पहिल्यापासून बघायचं. मी हलले की नाही ते तुम्हीच सांगायचं. बाबा नेहमी छान म्हणतो."

तिने आबांना निवडलं ते योग्यच होतं. उभी नोकरी त्यांनी वजनमापे निरीक्षक म्हणून केली होती. तराजूचा काटा केसभर सरकला तरी त्यांना दिसायचा, आणि दिसल्यावर त्यांनी कुणाला सोडल्याचं ऐकिवात नव्हतं.

आई-बाबा ठकीला घेऊन नाटकाचं सामान लावायला पुढे गेले. आजी-आजोबांनी मागून टुकटुकने यायचं ठरलं. मुलगा नोकरीसाठी राहत होता त्या देशात तीनचाकी रिक्षाला टुकटुक म्हणत. आजी, म्हणजे जिजी, हे नाव पहिल्यांदा ऐकल्यापासून हसत होत्या. "आपल्याकडे पोरं चिडवायला म्हणतात ते. भाडं घेऊन वर चिडवायचं."

रस्त्याच्या कडेला, कपडे धुण्याच्या दुकानासमोर एक टुकटुक उभी होती. चालक मध्यमवयीन, गोल चेहऱ्याचा, मानेला टॉवेल. शाळेचं नाव ऐकून तो मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला, "ऐंशी."

आबांनी आधी वाकून गाडीच्या आत पाहिलं. "मीटर कुठे आहे?"

"मीटर नाही."

"मीटर नाही म्हणजे सीलही नाही."

"सील नाही," चालकाने कबूल केलं. त्याला सील म्हणजे काय ते ठाऊक असेल असं वाटत नव्हतं.

"चाळीस," आबा म्हणाले.

"ऐंशी."

"चाळीस."

चालक हसला. आबा हसले नाहीत. ते जिजींना म्हणाले, "चल गं," आणि पाठ फिरवून चालू लागले.

ही आबांची पद्धत होती आणि घरात सगळ्यांना तिची सवय होती. भाव पटला नाही की पाठ फिरवायची, सावकाश चालू लागायचं आणि काहीही झालं तरी मागे वळून बघायचं नाही. वळून पाहिलं की संपलं. समोरचा हाक मारतोच. लोखंडी कपाट, शिलाई मशीन आणि मुलाच्या लग्नाचा मांडव, सगळं याच पद्धतीने आलं होतं. काही गोष्टी आल्या नव्हत्या. एका साडीच्या दुकानदाराने हाक मारलीच नाही, तेव्हा आबा वळून न बघता थेट घरापर्यंत चालत आले होते. ती साडी मोरपंखी होती. जिजी तिचा उल्लेख वर्षातून एकदाच करत, पण करत.

आता जिजी चार पावलं त्यांच्यामागे गेल्या आणि थांबल्या. डावा गुडघा सकाळपासून कुरकुरत होता. समोर रस्ता पाण्याच्या टाकीपर्यंत सरळ लांब पडला होता, टाकीपासून डावीकडे शाळा. आबांची पाठ ताठ होती. त्या पाठीची जिजींना पुरेपूर ओळख होती. त्यांनी मागे पाहिलं. चालकाने सीटवर हात थोपटला.

जिजी टुकटुकमध्ये जाऊन बसल्या.

पुढे निघून जायची सोय नव्हती, कारण नाटकाच्या प्रवेशपत्रिका आबांच्या खिशात होत्या. जिजींनी नवऱ्याच्या पाठीकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "त्यांच्या मागे. हळू." हे त्या मराठीत म्हणाल्या. चालकाला ते लगेच कळलं. त्याच्याही घरात असं कुणीतरी असावं.

गाडीचा आवाज मागून येऊ लागला तसे आबा खूश झाले. मान न वळवता ते म्हणाले, "ऐकलंस? येतोय मागे. आता सत्तर म्हणेल."

"सत्तर," चालक म्हणाला.

"म्हणाला," जिजी म्हणाल्या.

"गप्प राहायचं. उत्तर द्यायचं नाही."

एक औषधांचं दुकान गेलं, एक टायरवाला गेला. टायरवाल्याने काम थांबवून पाहिलं. पुढे एक वृद्ध गृहस्थ हात मागे बांधून चालले आहेत, मागे माणसाच्या वेगाने टुकटुक चालली आहे आणि तिच्यात एक बाई पर्स मांडीवर घेऊन शांत बसल्या आहेत, हे दृश्य तिथेही रोजचं नव्हतं.

"गुडघा कसा आहे?" आबांनी विचारलं.

"आज काही जाणवत नाही."

"तरी मी सांगत होतो. चाललं की मोकळा होतो. तू बसून राहतेस."

"हो, आज तर फारच मोकळा वाटतोय."

"दम लागला तर सांग."

"नाही लागणार," जिजी म्हणाल्या. चालकाने त्यांना मानेचा टॉवेल देऊ केला. ऊन त्यांच्या बाजूला येत होतं. त्यांनी तो खिडकीला अडकवला.

"पासष्ट," चालक पुढे पाहून म्हणाला.

आबा गालातल्या गालात हसले. "बघ. एक अक्षर बोललो नाही."

मागून हॉर्न वाजू लागले. टुकटुकच्या मागे एक पाववाल्याची गाडी, तिच्यामागे आणखी दोन टुकटुक आणि एक सायकलवाला, असा सगळा ताफा साचला होता. मागच्या टुकटुकवाल्याने ओरडून काहीतरी विचारलं. जिजींच्या चालकाने आबांकडे बोट दाखवून दोन वाक्यांत उत्तर दिलं. हॉर्न बंद झाले. मग मागचाही ओरडला, "पासष्ट!" त्याला प्रवासी नको होता, नुसती मदत करायची होती.

"आता दोन-दोन जण मागे लागलेत," आबा म्हणाले. "यालाच बाजार म्हणतात."

सिग्नलपाशी आबांना थांबावं लागलं. समोर चष्म्याचं दुकान होतं, मोठी काच, आणि काचेत अख्खा रस्ता दिसत होता. आबांनी मागे वळून पाहिलं नाही. नियम मोडला नाही. पण काचेत त्यांना स्वतःमागे जिजी दिसायला हव्या होत्या त्या जागी टुकटुकचं चाक दिसलं, आणि वर, सीटवर, जिजी. त्या चालकाच्या थर्मासमधलं काहीतरी झाकणातून पीत होत्या.

आबा काचेशीच बोलले. "तू आत कधी बसलीस?"

"तुम्ही पाठ फिरवलीत तेव्हा."

"उतर."

"नाही उतरत."

"अगं, आपला माणूस गाडीत बसलेला दिसल्यावर तो भाव कशाला कमी करेल?"

"तरी केलाय त्याने. पासष्टावर आलाय बिचारा. तुम्ही बसा."

"साठ म्हणाल्याशिवाय नाही."

"साठ," चालक म्हणाला. साठ हा शब्द त्याने हावभावावरून ओळखला असावा.

इथे कुणीही बसलं असतं. पण भाव घसरत असताना बसायचं नाही, हाही आबांचा नियम होता. "पन्नासावर येईल," ते म्हणाले, आणि सिग्नल सुटताच पुन्हा चालू लागले.

जिजींनी कोपऱ्यावरच्या इमारतीच्या घड्याळाकडे पाहिलं. नाटक सुरू व्हायला पाव तास उरला होता. पाण्याची टाकी अजून बोटाएवढी दिसत होती. कापडाखाली बसलेली ठकी त्यांच्या डोळ्यांसमोर आली, आणि तिच्यासमोरच्या पहिल्या रांगेतल्या दोन रिकाम्या खुर्च्या. पोर वळून वळून दाराकडे बघणार. बघणार म्हणजे हलणार.

इतकी वर्षं आबा पाठ फिरवत तेव्हा जिजी शेजारच्या दुकानासमोर उभ्या राहून हाक यायची वाट बघत. भावात त्यांनी कधी तोंड घातलं नव्हतं. त्या पुढे सरकल्या, चालकाच्या खांद्यावरून डोकं बाहेर काढलं आणि इंग्रजीत स्पष्ट म्हणाल्या, "सत्तर."

चालक दचकला. "नाही, साठ," तो म्हणाला.

"सत्तर," जिजी म्हणाल्या. "अहो, ऐकलंत का? सत्तर झालं."

आबा न थांबता म्हणाले, "तू कुणाच्या बाजूची?"

"मी गाडीच्या बाजूची. पुढच्या विजेच्या खांबापर्यंत बसला नाहीत तर ऐंशी."

"असा भाव वाढत नसतो."

"आमच्याकडे वाढतो."

खांब आला आणि गेला. "ऐंशी," जिजी म्हणाल्या.

चालक आता खरोखर घाबरला. मागे वळून तो त्यांना विनवू लागला की साठ ठीक आहे, साठ खूप झाले, पन्नाससुद्धा चालतील. जिजींनी त्याच्या पाठीवर हळूच हात ठेवला. "तू गाडी चालव रे. भावाचं मी बघते. नव्वद."

आबांची चाल पहिल्यांदाच अडखळली. समोरचा माणूस हाक मारेल, शिव्या देईल किंवा निघून जाईल, या तिन्हींची त्यांना सवय होती. भाव वाढवणारं माणूस त्यांना उभ्या नोकरीत भेटलं नव्हतं. शिवाय हे माणूस बोललं की करतं, हे त्यांना घरचं ठाऊक होतं. मोरपंखी साडीनंतर जिजींनी सहा महिने एकही साडी घेतली नव्हती, आणि प्रत्येक लग्नाला तीच ती जुनी करडी नेसून गेल्या होत्या.

"शंभर," जिजी म्हणाल्या.

आबा थांबले. त्यांनी मागे वळून पाहिलं.

"ऐंशी," ते म्हणाले. "शेवटचं."

जिजींनी जरा विचार केल्यासारखं केलं. "बसा."

आबा बसले. चालकाने गाडी अशी पळवली की प्रवेशपत्रिका खिशातून उडता उडता राहिल्या. टाकीपाशी वळताना आबा वाऱ्यात ओरडून म्हणाले, "शंभराचे ऐंशी केले."

"तुमच्यापुढे कोण टिकणार," जिजी म्हणाल्या.

शाळेच्या फाटकाशी आबांनी ऐंशी मोजून दिले. चालक त्यातले वीस परत देऊ लागला. जिजींनी डोळ्यांनी दटावलं तसे त्याने ते खिशात घातले आणि खूण केली की तो इथेच थांबतोय.

पडदा वर जात होता तेव्हा दोघं पहिल्या रांगेत घुसले. सूनबाईंनी घड्याळ पाहिलं, मग सासऱ्यांचा घामाने भिजलेला सदरा पाहिला. "आबा, टुकटुकने आलात ना?"

"अर्धे," जिजी म्हणाल्या.

डाव्या कोपऱ्यात राखाडी दगड होता. दगडाला दोन डोळे होते आणि ते दाराकडे लागलेले होते. मग त्यांना पहिली रांग सापडली. आबांनी चष्मा पुसून नाकावर नीट बसवला आणि मांडीवर हात ठेवून काट्याकडे बघावं तसे दगडाकडे बघत बसले. नाटकात राजा होता, बोलणारं झाड होतं, एक हरवलेली बकरी होती. आबांना यातलं काही सांगता आलं नसतं. बकरी दगडावर चढली तेव्हा दगड हलला नाही. झाडाचा मुखवटा पडून हशा पिकला तेव्हाही हलला नाही. अगदी शेवटी, राजा भाषण करत असताना, कापडाच्या कडेखालून एक छोटा हात बाहेर आला. त्याने आबांकडे बघून तीनदा टाटा केला आणि परत आत गेला.

बाहेर पटांगणात ठकी धावत आली. चेहऱ्यावर राखाडी रंग होता. तिने आईकडे पाहिलं नाही, वडिलांकडेही नाही.

"आबा, हलले का मी?"

आबांनी खोकून घसा साफ केला. जिजी त्यांच्याकडे बघत होत्या.

"अजिबात नाही," आबा म्हणाले.

"नक्की?"

"केसभरसुद्धा नाही. शिक्का मारून देतो."

ठकीने सुटकेचा श्वास टाकला आणि फाटकाकडे पळाली. टुकटुक उभी होती. चालकाने तिला पुढे आपल्या शेजारी बसवलं, मागे चौघं दाटीवाटीने बसली. आता त्याने आधी जिजींकडे पाहिलं, मग आबांकडे, आणि घसा खाकरून म्हणाला, "शंभर."

"ऐंशी," आबा म्हणाले. सवयीने.

चालकाने किल्ली काढून खिशात टाकली. खाली उतरला, पाठ फिरवली आणि पाचही जणांना गाडीत सोडून रस्त्याने सावकाश चालू लागला.

"तो कुठे चाललाय?" मुलाने विचारलं.

"हाक मारा त्याला," जिजी आबांना म्हणाल्या. "पोरीला भूक लागली असेल."

आबा बाहेर डोकावून बराच वेळ त्या पाठीकडे पारखून बघत राहिले. "मान ताठ आहे," ते म्हणाले. "हात मात्र फार हलतायत. ते नको."

मग त्यांनी तोंडाशी दोन्ही हात धरून हाक मारली. "नव्वद!"

चालकाने मागे वळून पाहिलं नाही.