हिरवं दाबा

आमच्या वर्गात बटणं आली तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद मला झाला, आणि खरं तर त्यांचा सगळ्यांत कमी उपयोग मलाच होता. बोलायला मला बटण लागत नाही. वर्गात मला भोंगा म्हणतात. मी तिसऱ्या मजल्यावर शिंकले तरी खाली फाटकाशी कळतं, असं शिपाईकाका सांगतात, आणि ते उगाच कुणाची तारीफ करत नाहीत.

प्रत्येकाच्या पुढ्यात, बाकावर, साबणाच्या वडीएवढी पांढरी डबी चिकटवली होती. तिच्यावर दोन बटणं. समजलं तर हिरवं, नाही समजलं तर लाल. दाबलं की फळ्याशेजारच्या पडद्यावर हिरवी आणि लाल पट्टी कमीजास्त व्हायची. कुणी काय दाबलं ते दिसायचं नाही, किती जणांनी दाबलं तेवढंच दिसायचं. डब्या बसवायला आलेला माणूस म्हणाला, "आता विद्यार्थ्यांना आवाज मिळणार." मी विचारलं, "माझा थोडा कमी करून मिळेल का?" वर्ग हसला. मोठे सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, हसले नाहीत.

विज्ञान शिकवतात घड्याळ सर. तास संपायच्या आत धडा संपलाच पाहिजे म्हणून ते एक डोळा पुस्तकावर आणि दुसरा मनगटावर ठेवतात, त्यावरून हे नाव पडलं. त्यांच्या तासाला पहिल्या दिवशी थोडे लाल आले. सरांनी खडू खाली ठेवला. "कोण हे दिवटे? उभे राहा. मधल्या सुट्टीत तुमचा खास तास घेतो." कुणी उभं राहिलं नाही, म्हणून अख्ख्या वर्गाची सुट्टी गेली. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या तासाला पडदा असा हिरवागार, की गुरं चरायला सोडावीत. सर नुसते खाकरले तरी आमची बोटं हिरव्यावर पडायची. "बघा, आता कसं डोक्यात शिरतंय," असं म्हणून सर पान उलटायचे. शिरत काही नव्हतं. पालथ्या घड्यावर पाणी, आणि वर घडा स्वतःच सांगतोय की मी भरलो.

गणिताच्या बाईंचं उलटं. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "हिरवं बघून मी काय करू? ज्यांना आलं त्यांना आलं. मला लाल दाखवा. कुठे अडलंय ते कळलं तर पुढचं सांगता येईल." आम्ही एकमेकांकडे बघितलं. मोठी माणसं असं गोड बोलायला लागली की पुढे काय वाढून ठेवलेलं असतं ते आम्हाला चांगलं ठाऊक होतं. पण बाई खरंच तशा वागल्या.

एकदा ऋण संख्यांचा गुणाकार चालला होता. ऋण गुणिले ऋण, उत्तर धन. हे सगळ्यांना पाठ होतं, पण असं का, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. बाईंनी एकदा सांगितलं तर निम्मा वर्ग लाल. पुन्हा संख्यारेषा काढून सांगितलं, लाल उतरलं. आणखी एका तऱ्हेने सांगितलं, आणि शेवटी एकच लाल उरलं. ते काही केल्या हलेना. मागून कुणीतरी म्हणालं, "कोण आहे रे हा ठोंब्या?" बाई गर्रकन वळल्या. "ज्याला पुढे जायची घाई आहे, त्याने दाराबाहेर पुढे जावं."

ते लाल कुणाचं, ते मला माहीत होतं. माझ्या शेजारी बसणाऱ्या हळूबाईचं. ही माझी जिवाची मैत्रीण, आणि इतकी हळू बोलते की तिच्या आईलाही दोनदा "काय?" म्हणावं लागतं. मला समजलं नाही, असं तिने शाळेत आजवर कधीच म्हटलेलं नव्हतं. तिला काय समजलं नाही ते परीक्षेचा निकाल लागल्यावर कळायचं, आणि तोवर सगळे दोन धडे पुढे गेलेले असायचे. त्या दिवशी तिचं बोट लाल बटणावर असं रुतलं होतं की नख पांढरं पडलं होतं.

बाईंनी मला उठवलं. "चल, भोंग्या. व्हरांड्यात जा आणि मागे मागे चालत ये." मी पाय मागे टाकत, खांबाला धडकत चालले आणि बाईंनी फोनवर ते टिपलं. मग पडद्यावर लावलं, पण शेवटाकडून सुरुवातीकडे. मागे मागे चालणारी मी पडद्यावर ऐटीत पुढे चालले होते. "चालणं उलटं होतं, चित्रपट्टीही उलटी फिरवली," बाई म्हणाल्या. "मग दिसतंय कसं?" वर्ग ओरडला, "सुलटं!" माझ्या शेजारून बारीकसा हुंकार आला आणि शेवटचं लाल गेलं. कुणी सांगितलं नव्हतं तरी टाळ्या पडल्या. हळूबाई मान खाली घालून हसत होती, आणि मला उगाचच रडू येत होतं.

त्यानंतर ती बिनधास्त लाल दाबायला लागली. महिनाभराने तर तोंडाने विचारायला लागली. आवाज तेवढाच, पण प्रश्न असे की बाईही डोकं खाजवायच्या.

पण हे सगळे आकडे मोठ्या सरांच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर जाऊन साठत होते. तिथे लाल म्हणजे लाल. बाईंनी तीन-तीनदा सांगून घालवलेलं लालही तिथे लालच मोजलं जायचं.

एकदा गणिताच्या तासाला बाई यायच्या आधीच मोठे सर आले. दार लोटून घेतलं. "विज्ञानात तुमचं सगळं हिरवं आणि गणितात निम्मं लाल. याचा अर्थ गणित नीट शिकवलं जात नाही."

मी हात वर केला.

"तू बस," ते म्हणाले. मी काय विचारणार तेही ऐकून घेतलं नाही. "बाईंची नेमणूक एकेका वर्षाची असते. आकडे असेच राहिले तर गणितही विज्ञानाच्या सरांकडे जाईल. बाईंची एवढी काळजी असेल तर हिरवं दाबा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाईंची नोकरी आमच्या बोटांवर टांगून हा माणूस हात झटकून मोकळा! पण राग येऊन उपयोग काय? मधल्या सुट्टीत मी हुकूम सोडला, "आजपासून गणितात सगळ्यांनी हिरवं. समजो न समजो."

हळूबाई काहीतरी म्हणाली.

"काय?"

"मला समजलं नाही तर?"

"तर मी सांगेन नंतर."

"तुला तरी समजतं का?"

हळू बोलणारी माणसं बोलतात तेव्हा अशी बोलतात.

पहिल्या दिवशी एवढं हिरवं बघून बाई खूश झाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या भुवया वर गेल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर एक गणित लिहिलं आणि म्हणाल्या, "सगळ्यांना समजलंय ना? मग या कुणीही." कुणी हललं नाही. बाईंनी माझ्याकडे खडू धरला. मी फळ्यापुढे उभी राहिले. गणित माझ्याकडे बघतंय, मी गणिताकडे बघतेय. शेवटी मी वळून सगळं सांगून टाकलं, मोठे सर काय म्हणाले तेही. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि त्या दिवशी तर भिजायलाच नको होता.

बाई इतक्या चिडलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. "माझी नोकरी माझी आहे. तिचं काय करायचं ते मी बघेन. पण तुम्ही खोटं हिरवं दाबलंत तर मला तुमच्यातलं काहीच दिसत नाही. तीन दिवस मी इथे आंधळ्यासारखी शिकवते आहे." त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं. "मला ठेवायला तुम्ही अडाणी राहणार? मग मी राहून करू काय इथे?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच तासाला पडदा पुन्हा लाल झाला.

घरी मी आदळआपट करत होते. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. जेवताना ते म्हणाले, "जरा दमानं. रागाने दहादा बटण दाबलं म्हणून लिफ्ट लवकर येत नाही." आई इस्पितळात रक्त तपासते. ती म्हणाली, "तू गप्प बसायचंस. तुझ्या तोंडापायी मला दोनदा शाळेची पायरी चढावी लागली आहे."

"पण चूक त्यांची आहे, आई!"

"कळतं मला. आमच्याकडे रोज तेच चालतं. साखर जास्त निघाली की माणूस खिडकीशी येऊन माझ्यावर डाफरतो. परवा एक आजोबा म्हणाले, मी पलीकडच्या लॅबमध्ये जातो, तिथे कमी निघते! आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला."

मी हातातला घास तसाच धरून बसले. "आई, हे मी उद्या—"

"एक शब्द बोलायचा नाही!" आई म्हणाली. मग भांडी आवरता आवरता म्हणाली, "आणि बोललीसच, तर ओरडू नकोस. ओरडलं की लोक आवाज धरून बसतात आणि मुद्दा सोडून देतात."

त्याच आठवड्यात मोठे सर पुन्हा आले, या वेळी चालू तासाला. बाई फळ्याशी होत्या, पडदा चालू होता. सर खुर्चीमागे उभे राहिले. "पुढच्या महिन्यापासून तुमचं गणित विज्ञानाचे सर घेतील. बाईंचं वर्ष महिनाअखेरीस संपतंय, तेव्हा त्या आपला निरोप घेतील. निर्णय झालेला आहे."

बाईंना हे आधी सांगितलेलं नव्हतं. त्या अर्धवट लिहिलेल्या आकड्यापाशीच थांबल्या.

"समजलं ना सगळ्यांना?" सर म्हणाले, आणि दाराकडे वळले.

मी उठणार, तोच हळूबाईने माझा दंड धरून मला खाली ओढलं. दुसऱ्या हाताने तिने बटण दाबलं. पडद्यावर एक लाल उमटलं. मग खिडकीकडून दोन आले. मग पुढच्या बाकांवरून, मागच्या बाकांवरून. मीही दाबलं. अख्खा पडदा लाल झाला, हिरव्याची रेघसुद्धा उरली नाही.

"ही काय थट्टा आहे? बंद करा ते."

बाई जागच्या हलल्या नाहीत. सरांनी स्वतः जाऊन स्विच बंद केला. पडदा काळा झाला. आता संपलं, असं त्यांना वाटलं असणार.

हळूबाई उभी राहिली. "सर, समजलं नाही."

"काय?"

"आम्हाला समजलं नाही," ती म्हणाली. तिचं ऐकू यावं म्हणून सगळ्या वर्गाने श्वास धरला होता. "बाईंना का जायचंय?"

"गणितात लाल जास्त येतं. लाल जास्त म्हणजे शिकवणं कमी. साधी गोष्ट आहे."

"मला नाही समजलं," चष्मेवाला म्हणाला. हा आमचा पहिला नंबर, आयुष्यात कधी उलट न बोललेला.

"मलाही नाही," कुणीतरी मागून म्हणालं, आणि हात वर जाऊ लागले.

मी उभी राहिले. आईचं ऐकलं, ओरडले नाही. "सर, माझी आई रक्त तपासते. साखर जास्त निघाली म्हणून तिलाच कामावरून काढलं, तर लोकांची साखर उतरेल का?"

"इथे तुझ्या आईचा काय संबंध? आकडे खोटं बोलत नाहीत."

"आकडे नाही बोलत, सर. आम्ही बोलत होतो. विज्ञानाच्या तासाला."

मोठ्या सरांनी चष्मेवाल्याकडे बघितलं. "काल विज्ञानात काय झालं?"

"प्रकाशाचं वक्रीभवन, सर."

"म्हणजे काय?"

चष्मेवाला छताकडे बघत राहिला. त्याचे कान लाल झाले. "सर, हिरवं नाही दाबलं तर सुट्टी जाते."

मोठ्या सरांनी घसा साफ केला आणि पुन्हा सुरुवात केली. "हे बघा. लाल म्हणजे समजलं नाही. आणि समजलं नाही, याचा अर्थ—" ते थांबले. समोर वर्गभर हात वर होते. बाजूला बाईंच्या अक्षराने काठोकाठ भरलेला फळा होता. "याचा अर्थ—" ते परत म्हणाले, आणि त्यांना पुढचं वाक्य सापडेना.

घंटा झाली. कुणी उठलं नाही. घड्याळ सर दारात येऊन थांबले, आणि पहिल्यांदाच त्यांनी मनगटाकडे बघितलं नाही.

"सर," बाईंनी शांतपणे विचारलं, "मग पुढच्या महिन्यात मी यायचं की नाही?"

मोठे सर वर उचललेल्या हातांकडे बघत होते. "उद्या सांगतो," ते म्हणाले. "मला आधी नीट मांडू द्या." आणि ते गेले.

ते तयारी करून येणार, हे आम्हाला माहीत होतं. आकड्यांचे कागद आणतील, आणखी कुणा मोठ्या माणसाला सोबत आणतील, आमच्या आईवडिलांना बोलावतील. येऊ देत. पटण्यासारखं सांगितलं तर समजलं म्हणू, नाहीतर हात वरच राहतील. बाईंसाठी दाबलेलं खोटं हिरवं बाईंनीच आमच्या तोंडावर फेकलं होतं. आता मोठ्या सरांसाठी ते कोण दाबणार?