दोन प्रतींतली यादी

कॅप्टन एगबर्ट फॉन राथेन हेडविगबाईंकडे आले ते खरी कॉफी घेऊन. सत्तेचाळीस सालच्या जर्मनीत खरी कॉफी घेऊन कोणी उगाच येत नसे.

पहिल्या महायुद्धात त्यांचा एक पाय अधू झाला होता. नाझींनी त्या पायाला जिल्हाधिकाऱ्याची खुर्ची दिली. बारा वर्षं साहेब त्या खुर्चीत ताठ बसले आणि हेडविगबाई त्यांचे कागद टाइप करत राहिल्या. आता नाझी अधिकाऱ्यांच्या चौकशी मंडळानं निर्दोष म्हटलं तरच पेन्शन मिळणार होती.

"दोन ओळी लिहून द्या, बाई. मी फक्त रस्ते आणि बटाटे बघत होतो म्हणून."

"आणि समोरच्या ज्यू रोझा लेवीनबाई? पियानो शिकवायच्या त्या?"

"तो वरचा हुकूम. आणि कागद तर तुम्हीच जाळलेत!"

"जाळले की. तुम्ही सांगितलंत म्हणून."

पण यादी केल्याशिवाय सरकारी कागद नष्ट करायचा नाही, असा साहेबांचा नियम. पंचेचाळीसच्या एप्रिलात, तोफा ऐकू येत असताना, बाईंनी दोन प्रतींत यादी टाइप केली. 'लेवीन, रोझा: पूर्वेकडे रवानगी, घर जप्त.' पूर्वेकडे म्हणजे छळछावणीत; तिथून कोणी परतत नसे. साहेबांनी शांतपणे दोन्हींवर हिरव्या पेन्सिलीनं सही केली. कचेरीत हिरवी पेन्सिल फक्त त्यांची. आपली प्रत त्यांनी जाळली. बाईंची कपाटात चादरींखाली राहिली. तळाशी टाइप करणारीची आद्याक्षरंही होती: हे. टो. यादी बाहेर काढली तर युद्धानंतर मिळालेली शाळेतली नोकरी जाणार, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं.

सुनावणीला त्यांनी कॉफीची न उघडलेली पुडी साहेबांसमोर ठेवली आणि यादी अध्यक्षांसमोर.

साहेबांचे वकील हसले. "असली यादी कोणीही बनवील! निम्म्या नोंदी चुकीच्या असतील."

साहेब ताडकन उठले.

"तोंड सांभाळा, वकीलसाहेब! माझ्या कचेरीतून चुकीची यादी कधी बाहेर पडलेली नाही. एकही नोंद चुकीची नाही. सांगा हो, बाई!"

कोणी हसलं नाही. आपण काय बोललो ते साहेबांना हळूहळू उमगलं, तसे ते खाली बसले.

अध्यक्षांनी यादीच्या तळाशी बोट ठेवलं. "ही अक्षरं कोणाची?"

"माझी," हेडविग टोनीस उभ्या राहत म्हणाल्या. "तीही बरोबर आहेत."